विसर्जनाआधीचं गाऱ्हाणं

“गाऱ्हाणा मी घालतंय,” असं म्हणत रामदासकाका गणपतीपुढे सरकले.

“नको,” दीपक म्हणाला. “मी घालतो.”

लालबागच्या त्या एवढ्याशा खोलीत परबांचा अख्खा गोतावळा दाटीवाटीनं उभा होता. आरती झाली होती, बाप्पा पाटावरून उचलायचे तेवढे बाकी होते. त्याआधी घरातल्या कर्त्या पुरुषानं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं आणि मागच्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही गावची रीत परबांनी मुंबईत येऊनही सोडली नव्हती. इतकी वर्षं हे काम दीपकचे वडील धोंडू करायचे. काय खणखणीत आवाज होता! पण लकव्यानं वाचाच नेली. कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्यांनी चांगला हात हलवला आणि लेकाला खूण केली, घाल.

“घाल बाबा, घाल,” काका बाजूला होत म्हणाले. “लहानपणापासून माझो लाडको तो.” आणि त्यांनी दीपकच्या पाठीवर हात ठेवला.

चाळिशीला टेकलेला दीपक त्या हाताखाली अंग चोरून उभा राहिला. समोर बाप्पा होते म्हणून बरं, नाहीतर पळालाच असता.

“दीपक्या, आवाज काढ हां!” नारळाचं ताट धरलेला राजेश मागून ओरडला. “नायतर देव म्हणेल, ही कुठली बाई आली गाऱ्हाणं घालायला!”

सगळे खो खो हसले. राजेश आत्याचा मुलगा, दोघं याच चाळीत एकत्र वाढलेले. दहीहंडीत सगळ्यात खालच्या थराला उभा राहणारा, कुणाचीही टर उडवणारा गडी. दीपकला खरं भय काकांचं उरलं नव्हतं, भय होतं ते या हसण्याचं. पुरुषासारखा पुरुष, आणि असलं सांगतो? गेल्या महिन्यात त्यानं पहिल्यांदा बायकोला, अपेक्षाला, सगळं सांगितलं, तेव्हाही आधी हेच म्हणाला होता, “हसतील गं सगळे.” ती म्हणाली होती, “हसू देत. तू बोल. कोणी ‘व्हय’ म्हटलं नाही तर मी म्हणेन.”

दीपकनं हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हय जमली हत, तेंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” खोली दणाणली. सगळ्यांत मोठा आवाज रामदासकाकांचा.

“काय चुकला माकला आसात, तर पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दीपकनं बाप्पांवरची नजर हलू दिली नाही.

“मी धा वर्सांचो होतंय, म्हाराजा. ह्याच खोलीत, ह्या माळ्यावर, ह्या रामदासकाकान माझ्या अंगाक नको थय हात लावल्यान. एकदा न्हय, दोन वर्सां चल्ला. मी कोणाक सांगूक नाय.”

“व्हय म्हा—” सवयीनं दोघा-तिघांच्या तोंडून निघालं आणि घशातच अडकलं.

खाली गल्लीत ताशा वाजत होता. दीपक वळला नाही. आता थांबलो तर पुन्हा जन्मात तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“ह्येच्यात माझी काय्येक चूक नाय होती रे म्हाराजा!”

आता ‘व्हय’ म्हणायचं होतं. कुणीच म्हणेना.

“होय महाराजा,” अपेक्षा म्हणाली. दादरची ती, मालवणी तिला कधी जमली नाही. आवाज कापत होता, पण म्हणाली. या घरात गाऱ्हाण्याला बाईमाणसाचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता.

“देवासमोर काय ह्या बोलता!” रामदास फुत्कारला. “ह्येका भूत लागला! रे राजेश, धर ह्येका, भायर घेऊन जा!”

दीपकनं डोळे गच्च मिटले. आता राजेश हसणार. आता टोमणा येणार, आणि मग उद्या अख्खी चाळ.

राजेश हसला नाही. तो एक पाऊल पुढे आला, ताट खाली ठेवलं, आणि मोठ्या अवजड अंगानं दीपकच्या शेजारी, बाप्पांसमोर येऊन उभा राहिला. हात जोडले. रामदासकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

“माझा पण ह्याच गाऱ्हाणा आसा, म्हाराजा,” तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

दीपकला गेला. त्यानं डोळे उघडले, शेजारच्या त्या धिप्पाड भावाकडे बघितलं आणि सगळ्यांच्या आधी, बापाच्या त्या खणखणीत आवाजात, म्हणाला,

“व्हय म्हाराजा!”