पहिला मान

“मानवजातीच्या इतिहासाचे दोनच खंड,” भीमसेनरावांनी जाहीर केलं. “फ्रिज येण्याआधीचा आणि फ्रिज आल्यानंतरचा.”

दुसरा खंड लगेच सुरू झाला नाही. फ्रिजची जाडजूड पिन घरातल्या एकाही भोकात शिरेना. वायरमन सांबशिव सायकल मारत येईपर्यंत मानवजात पहिल्याच खंडात घाम पुसत बसली.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीतला हा पहिलाच फ्रिज. सुंदरीबाईंनी त्याच्या दाराला चंदन-कुंकू लावलं, ओवाळलं आणि त्या दुधाचं भांडं घेऊन पुढे सरसावल्या. नव्या वस्तूत पहिलं दूध ठेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. भीमसेनरावांनी हात आडवा घातला.

“दूध नक्को. पहिला मान जननीच्या नळ्यांचा.”

“अय्यो, शुक्रवारी पहिली बुरशी ठेवायची?”

“बुरशी म्हणू नये. मायकॉलॉजी म्हणावं.”

हा शब्द त्यांनी न हसता उच्चारला, तो त्या दिवशी पहिल्यांदा. जननी त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं एम.एस्सी.ला बुरशी घेतली, तेव्हा गल्लीत त्यांनी ‘बॉटनी’ असं सांगून वेळ मारून नेली होती. घरात मात्र जीभ मोकळी होती. “लोकांच्या मुली कंप्युटर शिकतात. आमची लोणच्यावर येतं ते शिकते.” हे शिकून औषधांच्या कारखान्यात घेतात, शेतकी खात्यात घेतात, ब्रेडच्या कारखान्यातसुद्धा घेतात, असं जननीनं सांगून पाहिलं. “ब्रेडला बुरशी यायला पगारी माणूस कशाला?” भीमसेनरावांनी विचारलं होतं. ती जेवताना काही सांगू लागली की ते ताट पुढे सरकवत. “ताटावर बुरशी नक्को, कण्णा,” ते लाडानं म्हणत.

मग होसूरकडच्या एका अळंबीच्या कंपनीनं जननीला बोलावणं धाडलं. पापनाशमजवळच्या एका गावात, भाताच्या कुजक्या पेंढ्याच्या गंजीवर तिला एक अळंबी सापडली होती. चांगली टपोरी, आणि इतर अळंब्यांपेक्षा लवकर येणारी. तिचं बियाणं तिनं काचेच्या नळ्यांत जोपासलं होतं. त्या नळ्या घेऊन या, आमच्याकडे उगवून दाखवा, नोकरी तुमची, असं कंपनी म्हणाली. न्यायला जीप येणार होती. भीमसेनरावांच्या घराण्यातल्या कुणाला न्यायला आजवर जीप आली नव्हती. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आपण पोरीला काय काय बोललो, ते एकेक आठवत राहिलं.

कॉलेजला सुट्टी लागून लॅबला कुलूप पडलं होतं, म्हणून सगळ्या नळ्या घरीच होत्या. त्याही कुठे, तर चुलीच्या वरच्या कोनाड्यात, सुंदरीबाई दही विरजायला ठेवत तिथे. “हलवू नका हं,” एवढंच बजावून जननी तोंडी परीक्षेसाठी मद्रासला गेली होती. भीमसेनराव त्या काळ्या कोनाड्याकडे बघत आणि त्यांना भडभडून येई. एवढी विद्या, आणि धुरात ठेवलेली. पोर समजूतदार, बापाची ऐपत ओळखून तोंड उघडत नाही. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले, हप्ता बांधला आणि फ्रिज आणला. नळ्या स्वतःच्या हातानं पुसून वरच्या कप्प्यात मांडल्या. आठवडाभर दुधाला त्या कप्प्यात जागा मिळाली नाही.

जीप यायच्या आदल्या दिवशी जननी आली. भीमसेनरावांनी तिला पायही धुऊ दिले नाहीत. हात धरून फ्रिजपुढे उभं केलं आणि नाटकाचा पडदा उघडावा तसं दार उघडलं.

“बघ! तुझ्या मायकॉलॉजीला राजवाडा!”

जननीनं एक नळी उचलून उजेडाकडे धरली. मग दुसरी. मग सगळ्या. आतल्या कापसासारख्या पांढऱ्या बुरशीचं पाणी झालं होतं.

“मेल्या,” ती म्हणाली.

“कशा मेल्या? नवा फ्रिज आहे. पाच वर्षांची गॅरंटी!”

“ही पेंढ्यावरची अळंबी, अप्पा. तिला ऊब लागते. बाकीच्या थंडीत टिकतात, ही मरते. म्हणून तर चुलीच्या वर ठेवली होती.”

भीमसेनरावांचा हात दारावरच राहिला. आतला दिवा उगाचच जळत होता.

“जाऊया पापनाशमला,” ते घाईघाईनं म्हणाले. “आत्ता जाऊया. त्या गंजीतनं पुन्हा आणू.”

“गंजी कुठे राहिली आता? तिथे लग्नाचा कल्याणमंडप उठलाय.”

“मग हे... थंडीचं... तू मला आधी का सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं, अप्पा.” तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. “जेवताना सांगितलं होतं.”

भीमसेनराव खुर्चीवर टेकले. प्रत्येक प्रसंगाला त्यांच्याकडे एक घोषणा तयार असे. आज मात्र शाळेतला मुलगा मास्तरांना विचारतो तसं त्यांनी विचारलं, “आता सांगशील? मी ऐकतो.”

जननीनं नळ्या एकेक करून पिशवीत भरल्या. उद्या जीप पाठवू नका, असा होसूरला फोन करायला कोपऱ्यावरच्या बूथवर जायचं होतं. चपला घालता घालता ती स्वयंपाकघराकडे वळून म्हणाली,

“अम्मा, ते दोशाचं पीठ फ्रिजमध्ये ठेव ना. थंडीत आंबत नाही, वाढत नाही.”