धाकट्याचा आवाज

कलकत्त्याने श्रीकांतला नाटकात भाला धरायला लावला, सिनेमात गर्दीत उभं केलं. पोट भरलं ते रेडिओवरच्या आवाजाने.

१९७१ साली त्याचा नक्षलवादी, फरारी धाकटा भाऊ श्यामकांत कुठल्याशा खेड्यात तापाने गेला. हे फक्त श्रीकांतला ठाऊक होतं. आंधळ्या आईने हाय खाऊ नये म्हणून तो रोज संध्याकाळी श्यामकांतच्या आवाजात तिच्याशी बोलायचा.

शेजारच्या हलकटाने ऐकून चुगली केली. साध्या वेशातले पोलीस घरात शिरले.

"मी श्रीकांत आहे," तो म्हणाला.

"माँजी, आत्ता तुमच्याशी कोण बोलत होतं?" एकाने गोडीत विचारलं.

"माझा श्यामकांत," भोळी आई म्हणाली.

"मग कुठाय तो?" पोलिसाने श्रीकांतची कॉलर धरली. 'मेला' एवढ्या एका शब्दाने श्रीकांत सुटला असता, पण आई ऐकत होती.



"येतो गं आई," पोलिसांपुढे हात करत तो श्यामकांतच्या आवाजात म्हणाला.