वीतभर कमी

मास्तरांनी पुन्हा टेप लावला. फळी पुन्हा वीतभर कमीच भरली.

परसात ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या होडीत ते ओणवे झाले होते. खरं तर होड्या दोन. लाकडी, लांबट, अरुंद, आडव्या तुळया टाकून एकमेकींना जोडलेल्या, आणि दोघींत मिळून शीड एकच. प्रत्येकीत एका माणसापुरती झोपायची फळी. डावीकडची बाईंची, हे पहिल्यापासून ठरलेलं. उजवीकडची कुणाची, हे बाईंनी कधी सांगितलं नाही आणि मास्तरांनी कधी विचारलं नाही. संसारात नेमक्या अशाच गोष्टी विचारायच्या राहतात.

बाई शाळेत सुतारकाम शिकवायच्या आणि त्यांच्या नवऱ्याचं कपडे शिवायचं दुकान. शिकवायच्या त्या आणि मास्तर म्हणायचे यांना, हा गल्लीतला जुना विनोद. निवृत्त झाल्यापासून बाईंनी हातातला रंधा खाली ठेवला नव्हता. शेजारी हसायचे. दोन होड्यांवर पाय ठेवणारा बुडतो, म्हणायचे. एकमेकींना बांधल्या की नाही बुडत, असं बाई तोंडातली पेन्सिल न काढता सांगायच्या.

मास्तरांनी शीड शिवून दिलं. फळ्यांना पॉलिशपेपर मारून मारून बोटांची सालं काढून घेतली. पाण्याला जन्मभर घाबरलेला हा माणूस बायकोच्या चोरून पोहायलाही शिकला. बोलावणं आलंच तर तयारी असावी म्हणून.

आज दुपारी बाईंनी उजवीकडच्या गादीला खोळ शिवायला सांगितली, तेव्हा मास्तर टेप घेऊन हरखूनच वर चढले होते. आणि फळी वीतभर कमी! बाईंचं माप चुकणं शक्य नव्हतं. मास्तरांना स्वतःची उंची पाठ होती. म्हणजे माणूसच दुसरा. धाकटी मेहुणी. ठेंगणी, पोहण्यात पटाईत. परवा दोघी बहिणी फोनवर खिदळत होत्या, त्या काही उगीच नाही. मास्तरांनी टेप गुंडाळून गळ्यात टाकला.

तरी खोळ शिवायची तर नीटच शिवायची. ते खाली उतरले. बाई तुळईची दोरी आवळत होत्या.

"तुझ्या बहिणीला रंग कुठला आवडतो?"

"तिचा काय संबंध?"

"तिचीच ना गादी? मला ती पुरत नाही."

बाईंनी दोरी सोडली. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या गळ्यातल्या टेपाकडे.

"वर चला," त्या म्हणाल्या. "आणि आडवे व्हा."

मास्तर फळीवर उताणे झाले. पाय बाहेर लोंबकळले. बघ, म्हणाले. बाई नुसत्या काठावर बसून राहिल्या. मास्तरांना वाईट वाटत होतं, पण दुपारच्या डुलकीची सवय वर्षानुवर्षांची, त्यात रंध्याखालच्या लाकडाचा वास. रुसलेल्या माणसालाही झोप काही सोडत नाही.

जाग आली ती बाईंच्या हसण्याने. मास्तर कुशीवर वळलेले होते, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. पायांच्या पुढे फळी चांगली चार बोटं उरली होती.

"दोन होड्या कशाला, ते आत्ता शेजाऱ्यांनाही कळलं," बाई म्हणाल्या. "केवढ्यांदा घोरता हो."

मास्तर उठले नाहीत. उरलेली चार बोटं त्यांनी पायाच्या अंगठ्याने चाचपून पाहिली.

"पण माप?"

"तुम्ही जन्मभर माणसं उभी करून मापं घेतलीत," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला रोज झोपलेलं बघते."