फेरोचा धडा

नागियाबाई इजिप्तमधल्या मिन्या शहरात मुलींच्या शाळेत धर्म शिकवायच्या. त्यांच्या मुलाने, हातिमने, राष्ट्राध्यक्षांच्या फोटोखाली एकच ओळ लिहिली होती : "या फेरोची गोष्ट आपण धर्मग्रंथात वाचलीय." त्याला तुरुंगात जाऊन तीन वर्षं झाली.

स्वतःला देव म्हणवणाऱ्या त्या जुलमी राजाचा, फेरोचा, धडा मात्र दर वर्षी यायचा आणि बाई तो एका सुरात शिकवून टाकायच्या. यंदा नेमके मागच्या बाकावर शाळेच्या तपासणीला आलेले सरकारी तपासनीस वही उघडून बसले होते.

पुढच्या बाकावरच्या रावियाने हात वर केला. बाईंना सगळ्या मुली 'अब्ला' म्हणायच्या. "अब्ला, फेरोला कुणी सांगितलं नाही का, तू चुकतोयस म्हणून?"

"सांगितलं ना, बाळा."

"मग सांगणाऱ्यांचं काय झालं?"

तपासनिसांचं पेन थांबलं.

"तो भाग परीक्षेला नाही," म्हणत बाईंनी फळा पुसला.

तास संपल्यावर तपासनिसांनी त्यांना जिन्यात गाठलं. बाईंना आता भीतीसुद्धा वाटत नव्हती. "लिहा काय लिहायचं ते," त्या म्हणाल्या.

तपासनिसांनी मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं.

"बाई, भेटीच्या दिवशी आत औषधं देऊ देतात का हो? परवा माझ्या मुलीलाही उचललं."