दहापैकी सात

"काही दुखत नाही, पप्पा," मनाली म्हणाली आणि ताटातला भात चिवडत बसली. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार सुरू होऊन चार महिने झाले होते आणि नऊ वर्षांची ही पोर रोज हेच सांगायची.

पण आज दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिच्या मनगटावर नवा पट्टा बांधला होता. दुखणं अंगाचं असो की मनाचं, तो नसांमधून वाचायचा. तिच्या पप्पांच्या, म्हणजे शाळेची बस चालवणाऱ्या सदानंदच्या मोबाइलवर आकडा उमटला: दहापैकी सात.

त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. "मने, मग खोटं का सांगतेस?"

तिने ताट बाजूला सारलं. "दुखतंय म्हटलं की तुम्ही मोरीत जाऊन रडता. नळ सोडता, तरी ऐकू येतं."

मनालीने पट्टा सोडून सदानंदच्या मनगटावर बांधला. थोड्या वेळाने आकडा आला: आठ.

"तुमचं तर माझ्यापेक्षा जास्त आहे," ती हळूच म्हणाली.

"हो गं," तो म्हणाला. आणि प्रथमच तिच्यासमोर रडला. तिने त्याचे डोळे फ्रॉकने पुसले.

पट्ट्याचा आकडा दवाखान्यातही दिसायचा, त्यामुळे सिस्टरांनी मनालीचा सात पाहिलाच होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुखण्याचं औषध बदललं आणि आठवड्याभरात आकडा तीनवर उतरला.

एका दुपारी मनालीने स्वतःहून हाक मारली. "पप्पा, पाय दुखतायत. जरा चेपून द्या ना."

चार महिन्यांत इतकं बरं त्याला कशानेच वाटलं नव्हतं.