महिन्याला तीन टक्के

आतून कडी लागली आणि भाचीने पेन खाली ठेवलं.

मावशीच्या खोलीला एरवी कधी कडी नसायची. मावशी इस्पितळात परिचारिका होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. निम्म्या गल्लीने तिच्या हातची इंजेक्शनं घेतली होती. भाची तिच्याकडे राहून व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करत होती आणि तो खर्चही मावशीच उचलत होती.

कडी लागायची ती फक्त रविवारी, टायवाला आला की.

टायवाला हे भाचीने ठेवलेलं नाव. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात टाय, चकचकीत बूट आणि काखेत घट्ट धरलेली बॅग. "येऊ का, ताई?" असं तो दार उघडणाऱ्या भाचीला इतकं गोड विचारायचा की तिच्या अंगावर काटा यायचा.

दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायचा तिचा स्वभाव नव्हता. पण भिंत पातळ होती, त्याला ती तरी काय करणार?

"महिन्याला तीन टक्के," टायवाल्याचा आवाज आला. "आणखी दोघं तयार आहेत."

मग मावशी हसली.

भाचीला हसू आलं नाही. तिचा या सत्राचा प्रकल्पच मंदीवर होता आणि त्यासाठी तिला पुस्तक उघडायची गरज पडत नव्हती. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या तीन खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या असायच्या. फर्निचरच्या दुकानावर 'शेवटचे काही दिवस' ही पाटी वर्षभर लटकत होती. समोरच्या अर्धवट इमारतीवरची क्रेन हलायची ती फक्त वाऱ्याने. तिने स्वतः बस सोडून चालत जायला सुरुवात केली होती, कँटीनची कॉफी बंद केली होती. अडीअडचणीला म्हणून थोडे पैसे बाजूला टाकत होती. अशा बाजारात महिन्याला तीन टक्के देणारा असा कुठला धंदा होता?

तिचे सर वर्गात म्हणाले होते, "परतावा कुठून येतो ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तो तुमच्याच खिशातून येतोय असं समजा."

टायवाला गेला. मावशी गुणगुणत कप विसळायला लागली. अंगात तोच कोपरावर उसवलेला स्वेटर.

"मावशी, कोण गं ते?"

"ओळखीचे आहेत."

"व्याजाचं काय बोलत होते?"

कप क्षणभर नळाखालीच राहिला. "भिंतीला कान आहेत म्हणायचे."

"तुझे पैसे गुंतलेत त्यात?"

"गुंतलेत खरे. बऱ्यापैकी."

"मग काढून घे ना! आजच."

"काढायचीही एक वेळ असते, बाळा," मावशी म्हणाली. "तू अभ्यास कर. फार हुशार झालीस, मला भीतीच वाटायला लागलीय तुझी."

साधी बाई आयुष्यभर लोकांच्या उशापायथ्याशी बसून सेवा करत राहिली आणि आता कुणीतरी गोडबोल्या येऊन तिची पेन्शन गिळणार होता. सांगून ती ऐकणार नव्हती. मग टायवाल्यालाच गाठायला हवं होतं.

पुढच्या रविवारी तो निघाला तशी ती मागोमाग जिन्यात गेली.

"थांबा. महिन्याला तीन टक्के. मी सगळं ऐकलंय."

त्याने वरखाली पाहिलं. "हळू बोला, ताई. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे म्हणूनच बोलतेय. यात धंदा वगैरे काही नसतो. नव्या माणसाचे पैसे घ्यायचे आणि जुन्याला व्याज म्हणून द्यायचे. नवी माणसं आटली की खेळ खलास."

त्याचा चेहरा उतरला. हात टायच्या गाठीकडे गेला. "खात्री आहे तुम्हाला?"

"मी शिकतेच ते."

"किती दिवस चालेल असं वाटतं?"

काय हा निर्लज्जपणा! "बाजार बघताय ना? फार तर दोन महिने."

तो पायरीवर मटकन बसला. "माझ्या शब्दावर बाराजणांनी पैसे टाकलेत, ताई. माझा सख्खा मेव्हणा आहे त्यात."

"मग ज्याचे त्याला परत मिळतील असं बघा. नाहीतर मी पोलिसांत जाते. आणि सुरुवात माझ्या मावशीपासून करा."

त्याने तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "हो," तो सावकाश म्हणाला. "मावशीपासूनच करावी लागेल."

आणि तो धडाधड जिना उतरून गेला.

जेवताना भाचीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. मावशीने घास खाली ठेवला.

"पोलिसांचंही बोललीस?"

"बोलले. असा घाबरला म्हणून सांगू! तू काळजी करू नकोस, सगळे पैसे परत येतील."

मावशीने उठून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास. तुझ्या शिक्षणाचं चीज झालं म्हणायचं." आणि ती आपल्या खोलीत गेली.

सकाळी बेल वाजली ती थांबेचना. भाचीने दार उघडलं. टायवाला उभा होता, आज टायशिवाय. त्याच्या मागे जिना माणसांनी भरला होता. त्यात औषधाच्या दुकानातला माणूस होता, तळमजल्यावरच्या काकू होत्या आणि न्हावीसुद्धा होता.

एका रात्रीत सगळ्यांना गोळा केलं पठ्ठ्याने! तिला विजयाने हसू फुटलं.

"आणलेत ना पैसे?"

"आणायचे?" तो बघतच राहिला. "न्यायला आलोय, ताई. तुम्हीच तर म्हणालात. सिस्टरना बोलवा बाहेर."

ती मागे वळली. मावशीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि कपाटात नुसते हँगर लटकत होते.