चार बोटं कापड

शिपाई शिंप्याच्या दुकानात शिरला तो वाकूनच. अंगानं काडी, उंचीनं ताड, आणि कोटाच्या बाह्या मनगटाच्या कितीतरी वर. हात थंडीनं निळे पडले होते. दुपारी आघाडीवर जायची गाडी आहे, तेवढ्यात बाह्या वाढवून मिळतील का, असं त्यानं अजिजीनं विचारलं.

मास्तरांना हसू आलं. हिवाळा लागल्यापासून या दुकानात उलटीच रड चालली होती. मोठ्या मित्रदेशाकडे मागितल्या होत्या विमानं पाडायच्या तोफा, आले कोट. आंधळ्यानं मागितला डोळा आणि देवानं दिला चष्मा, असं मास्तर येईल त्याला ऐकवत. कोट मात्र अस्सल लोकरीचे, आणि असे ढगळ की एकात दोन शिपाई सुखानं नांदले असते. मग गावातल्या सगळ्या शिंप्यांना हुकूम आला, की बाह्या कापा, घेर कापा, उरलेल्या कापडाचे हातमोजे शिवा, चिंधीसुद्धा वाया घालवू नका. कापून कापून मास्तरांची कात्री बोथट झाली आणि बोटांना घट्टे पडले. बाही वाढवून मागणारा हा पहिलाच पठ्ठ्या.

कापलेली बाही वाढवायला मी काय जादूगार आहे, असं म्हणत त्यांनी कोट उतरवून घेतला.

"अहो, शिपाई आलाय ना? विचारा हं," आतून बायकोचा आवाज आला.

पडद्याआड ती हातमोजे शिवत बसलेली असे, आणि दारात बुटांचा आवाज झाला की हेच म्हणे. पोरगा आघाडीवर गेला त्याला महिने लोटले. ना चिठ्ठी, ना निरोप. मग मास्तर विचारत. बुटका आहे, गालावर तीळ आहे, हसला की डोळे मिटतात, कुठे दिसला का? आणि जो तो मान हलवी. आजही विचारतो म्हणून त्यांनी तिला ओ दिली.

कोपऱ्यातला रेडिओ सकाळपासून एकच बातमी घोळवत होता. मित्रदेशानं अखेर तोफा मंजूर केल्या, बर्फ वितळलं की त्या निघतील. शिपाई खुशीत आला. आता शत्रूची विमानं कशी पटापट पडतील ते तो हातवारे करून सांगायला लागला.

"वरातीमागून घोडं," मास्तर पुटपुटले आणि त्यांनी बाही उलटी केली.

बाही कापलेली नव्हती. चार बोटं कापड आत दुमडून त्यावर हातानं बारीक तुरपाई केलेली होती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सबंध हिवाळ्यात त्यांनी हुकूम मोडला होता तो एकाच कोटापायी. पोरगा तेव्हा याच आरशासमोर उभा राहून वैतागला होता. बाबा, मी काय शाळेत चाललोय? विशी गाठली, आता कसला वाढतोय मी! मास्तरांनी त्याला दटावून गप्प बसवलं होतं. नेहमी वाढत्या अंगाचं शिवावं, कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही, शिंप्याच्या पोराला एवढंही कळू नये? टाके त्यांनी मुद्दाम जवळजवळ घातले होते, धावपळीत सुटायला नकोत म्हणून.

त्यांनी कोट फिरवून पाठ पाहिली. पाठीवर तळहाताएवढं ठिगळ होतं. काम दुसऱ्या कुणाचं, घाईघाईचं. बाकी कोट स्वच्छ धुतलेला होता.

मास्तर स्टुलावर बसले.

"हा कुठे मिळाला तुला?"

"कोठारात. धुऊन आलेल्या गठ्ठ्यातला आहे." शिपाई जरा घुटमळला. "आधी कुणाचा होता ते विचारायचं नसतं, काका. आमच्यात कुणीच विचारत नाही."

मास्तरांनीही मग विचारलं नाही. पडदा दोन हातांवर होता. पातं घेऊन ते उसवायला बसले. टाके सुटता सुटेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताला शिव्या घातल्या. शेवटी दुमड उलगडली. वरचं कापड धुळीनं आणि धुण्यानं पार विटलं होतं. आतली चार बोटं मात्र कोरी करकरीत निघाली.

काठ दुमडून त्यांनी दोन्ही बाह्यांवर मशीन मारलं आणि कोट शिपायाच्या अंगात चढवला. बाही बरोबर मनगटाला टेकली. शिपायानं हात पुढे करून पाहिले. दोन्ही मनगटांवर नव्या कापडाचा गडद पट्टा उठून दिसत होता.

"नशीब माझं, कुणीतरी कापड राखून ठेवलं होतं," तो म्हणाला.

मास्तरांनी त्याची कॉलर सारखी केली, खांदे सारखे केले, पुन्हा कॉलर सारखी केली. वय विचारलं. एकोणीस. पैसे द्यायला लागला तर त्याचा हात त्यांनी मागे सारला. गाडी चुकेल, पळ म्हणाले. शिपाई वाकून दाराबाहेर पडला आणि ढांगा टाकत निघून गेला.

"अहो, विचारलंत का?" पडद्याआडून आवाज आला.

मास्तर खाली बसून उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे वेचत होते.

"विचारलं. त्याला नाही ठाऊक."

आत हातमोज्याचा दोरा तोडल्याचा आवाज झाला.

"असू दे," ती म्हणाली. "पुढच्याला विचारा."